चोवीस इंच, चोवीस पानं

मॉनिटर घ्यायला आम्ही दोघं एकाच गाडीवरून सांगलीला गेलो. आबा पुढं, मी मागं, आणि कुंडल सोडल्यापासून सांगली येईपर्यंत कुणी कुणाशी एक अक्षर बोललं नाही. तसं ते वर्षभर चालूच होतं. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतनं हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले, आणि शेवटची काही वर्षं नव्या पोरांना फायरिंग शिकवणारे उस्ताद. घरात माझ्याशी काही बोलायचं असलं की ते आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, मोटर बंद कर." मी समोरच भाकरी मोडत बसलेला असायचो. आई बिचारी माझ्याकडं तोंड करून म्हणायची, "मोटर बंद कर म्हणत्यात." आयला, मी काय बहिरा होतो?

भांडण का, ते आधी सांगतो. आमच्या गावात ज्या घरात ऊस नाही आणि फौजेतला माणूस नाही, असं घर शोधावं लागतं. आजोबा फौजेत, आबा फौजेत, दोन चुलते फौजेत. बारावीनंतर काय करायचं हे मला कुणी विचारलंच नाही. साताऱ्याच्या एका भरती अकॅडमीत नेऊन घातलं. ते सहा महिने मला आजही जसेच्या तसे आठवतात. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढाला पळायचं, परत येऊन भिजवलेले हरभरे आणि गूळ, रविवारी राजवाड्यापाशी चौघांत दोन भेळी. पळण्यात मी कायम पहिल्या गटात. तिथले उस्ताद म्हणायचे, हा गडी भरतीत गेलाच समजा.

तिथंच एका दुपारी ते पुस्तक आलं. चोवीस पानं, प्रत्येक पानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. मेडिकलला हे दाखवतात. पोरं एकामागून एक आकडे वाचत होती. मला पहिल्या पानावरचा बारा दिसला आणि पुढं सगळी नुसती ठिपक्यांची रांगोळी. मला आधी वाटलं, पोरं माझी चेष्टा करतायत. मग कळलं, ती खरंच वाचतायत. सिग्नलचा लाल मला कळतो, तो भडक असतो. पण हिरव्या झाडातली पिकलेली मिरची, गवतात पडलेला लाल चेंडू, हे मला कधीच पटकन सापडलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच शोधावं लागतं.

कुणाला सांगायची छाती झाली नाही. शेजारच्या कॉटवरच्या दोस्तानं तेवढं ओळखलं, म्हणाला, "पाठ कर गड्या. लय जण करत्यात." मी केलं. बारा, आठ, एकोणतीस, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर... पाढ्यासारखं घडाघडा. मेडिकलच्या आदल्या दिवशी घरी आलो तर आबांनी त्यांच्या ट्रंकेतनं तसलंच पुस्तक काढलं आणि माझी परीक्षा घेतली. चोवीसच्या चोवीस बरोबर. आबा आईला म्हणाले, "नजर माझ्यावर गेलीया." मी मान खाली घालून चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुस्तक मधनं उघडलं.

मधनं! चोवीस पानं पाठ केली आणि कुठलं पान कुठलं हे ओळखायला काही खूण बघून ठेवावी, एवढी अक्कल चालली नाही. मी घाबरून सुरुवातीपासनं म्हणायला लागलो. बारा, आठ, एकोणतीस. डॉक्टरांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "किसने रटाया?" झालं. कागदावर अनफिटचा शिक्का बसला आणि मी बाहेर आलो.

आबांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "काल सांजच्याला चोवीस दिसले, आन आज सकाळी डोळं गेलं व्हय?" त्यांच्या डोक्यात एकच बसलं, की पोराला जायचं नव्हतं म्हणून त्यानं मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले. त्याच्या महिनाभर आधी घरी आलो तेव्हा एका भांडणात मी तोंडानं म्हणूनही बसलो होतो, "मला न्हाई जायचं फौजेत." आता बोला. पाठ केलं होतं म्हणून सांगावं तर ती चोरी, आणि चोरी आबांना खपत नाही. वर ते अकॅडमीत जाऊन त्या दोस्ताची गचांडी धरणार. मी मूग गिळून गप्प बसलो. त्या दिवसापासनं मी "तो" झालो. त्याला म्हणावं. त्याला विचार. त्याला जेवायला वाढ.

मग मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. रोज गाडीवरनं जायचं, यायचं. काम बरं होतं, मापात माप बसलं की मन लागायचं. सहा-सात पगारांतनं मी कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट आणि सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड जमवलं. अकॅडमीतली आमची चौकडी रविवारी दुपारी एक बंदुकांचा गेम खेळायची. जे भरती झाले नव्हते ते आपापल्या गावातनं, कानात हेडफोन घालून. साताऱ्याच्या त्या भेळेची उणीव मी अशी भरून काढत होतो. पण गेममध्ये मी सगळ्यात आधी मरायचो. शत्रूभोवती लाल रेघ असते म्हणे. म्हणे! माझ्यासमोर नुसतं गवत. "समोर उभा हाय की रं आंधळ्या," असं बाकीचे ओरडायचे. मी सांगायचो, मॉनिटर भिकार आहे. तो होताही भिकार, बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, चौकोनी आणि पिवळटलेला. सगळा दोष त्याच्यावर टाकून मी मोकळा झालो होतो, आणि खरं सांगू, मला ते पटलंही होतं.

म्हणून नवा मॉनिटर. दहा हजारांच्या आत. आई आबांना म्हणाली, "एकटा गेला तर टोपी घालतील त्याला. तुमी जावा संगं." सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभे राहिले.

दुकान एका बाईंचं होतं. नवं-जुनं दोन्ही विकायच्या आणि दुरुस्तीही स्वतःच करायच्या. हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडात लवंग. आबांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, त्याला विचारा, किती इंची पायजे."

बाईंनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "तुमचाच ना हा? मग तुम्हीच विचारा की."

"विचारा तुमी," आबा म्हणाले.

मला हवा होता सत्तावीस इंची. नवा कोरा, चकचकीत, कडा पातळ. बाईंनी तो लावला आणि शेजारी एका ऑफिसातनं आलेला चोवीस इंची जुना लावला, कोपऱ्यात ओरखडा पडलेला. म्हणाल्या, "नव्यात चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. जुन्यात एकशे चव्वेचाळीस वेळा. पैसे जवळपास तेवढेच. आता बघा." आणि दोन्हीवर माऊसचा बाण गरागरा फिरवला. मला दोन्ही सारखंच वाटलं. माझी नजर त्या चकचकीत कडेवरच होती.

आबा मात्र पुढं वाकले. "परत फिरवा." बाईंनी फिरवला. "ह्याच्यात बाण तुटतोय. ह्याच्यात सलग जातोय." मग स्टूल ओढून चोवीस इंचीसमोर बसले, हात सरळ करून बोटांची टोकं काचेला टेकवली, मान न हलवता नुसते डोळे चारी कोपऱ्यांत फिरवले. तेच सत्तावीस इंचीसमोर केलं. उठले आणि बाईंना म्हणाले, "त्याला म्हणावं, एवढ्या जवळनं मोठ्या काचंला मुंडी फिरवावी लागती. मुंडी फिरली की नेम गेला. बारकं घे, सलग पळणारं घे."

बाई हसल्या. "काका, वीस वर्षं दुकान चालवते. असं कुणी सांगितलं नव्हतं." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घे रे, ऐक बापाचं. फक्त एक लक्षात ठेव, ह्या काचेला फार बाजूनं बघितलं तर रंग जरा बदलतात. समोरनं बघायचा."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पगार माझा, गेम माझा, आणि निवड त्यांची, तीही माझ्याशी न बोलता. पण घेतला. आबांनी घरनंच फौजेचं कांबळं आणलं होतं, त्यात गुंडाळला, आणि मी पलूसपर्यंत तो मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरून बसलो. तिथं उसाचा रस प्यायलो. पैसे आबांनी दिले आणि माझा ग्लास रसवाल्याकडूनच माझ्याकडं सरकवला.

घरी आल्यावर त्यांचं खरं काम सुरू झालं. मॉनिटरचं स्टँड वर-खाली होत नव्हतं. आबांनी देवघरातला जादाचा पाट आणला, खाली ठेवला, माझ्या खुर्चीत आईला बसवून तिचे डोळे कुठं येतात ते बघितलं. "त्याची उंची माझ्याहून चार बोटं जास्त हाय," असं आईनं ओरडून सांगितल्यावर पाटाखाली आणखी एक फळी गेली. खिडकीचा उजेड काचेवर पडत होता, तर तेच कांबळं खिडकीला टांगलं. मग ब्राइटनेस. मी एकदम तीन-चार बटणं दाबायला गेलो तर हातावर चापट बसली. आईकडं बघून म्हणाले, "त्याला म्हणावं, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. रायफल झिरो करताना, नेम जुळवताना, दोन गोष्टी हलवल्या की चूक कुठली ते कळत न्हाई." एक टिचकी, मग मागं सरून बघायचं. परत एक टिचकी. तासभर हा खेळ. मध्येच म्हणाले, दुकानात बाण सलग पळत होता, इथं तुटतोय. मला वाटलं, झालं, म्हातारा आता भ्रमला. पण दुकानात फोन लावला तर बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये साठवरच असेल, एकशे चव्वेचाळीस करा." होतंच साठवर! ती नजर होती त्यांची. आणि तसली नजर माझ्यात उतरली म्हणून मेडिकलच्या आदल्या दिवशी ते खूश झाले होते, हे मला तेव्हा आठवलं.

पुढच्या रविवारी दुपारी गेमच्या सरावाच्या मैदानात मी नेम धरून बघत होतो. तिथं शत्रू नुसते पुतळ्यासारखे उभे असतात. आबा बाजूला त्यांच्या ट्रंकेवर बसले होते. मी झाडावर मारलं, दगडावर मारलं, भिंतीवर मारलं.

"आरं समोर उभा हाय की! गवतात! मार की!"

वर्षानंतर आबा माझ्याशी थेट बोलले, आणि काय बोलले, तर "मार की". त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आईला शोधत मान वळवली. पण उस्तादाला राहवेना. "दिसत न्हाई तुला? लाल रेघ हाय बघ भोवती."

"न्हाई."

आबांनी विचार केला. मग एकदम खूश होऊन म्हणाले, "त्या ताई काय म्हणाल्या? बाजूनं बघितलं की रंग बदलतो. मला बाजूनं दिसतोय, तुला समोरनं न्हाई. काच उलटी बसवलीया! चल, बांध. परत द्यायची." कांबळं काढायला उठलेही. मला सुटका झाल्यासारखं वाटलं. पण दोन पावलं टाकून ते थांबले. "थांब. रायफल खराब हाय असं जवान म्हणला, तर उस्ताद आधी सवता चालवून बघतो." त्यांनी मला उठवलं आणि खुर्चीत बसले. समोरनं बघितलं. "दिसतोय की. एक, दोन, तीन. तीन हायेत." मग मला पुन्हा बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरून बरोबर त्यांच्या डोक्याच्या जागी आणलं. "आता दिसला?"

त्यांच्या हातांचा वास येत होता, साबणाचा आणि तंबाखूचा. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की माझं डोकं असंच धरायचे. "दिसला" म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! आकडा तर त्यांनी सांगितलाच होता. पुन्हा एकदा पाठ केलेलं म्हणायचं, बस्स.

"न्हाई आबा," मी म्हणालो.

हात बाजूला झाले. "अजून नाटकं?" आवाज चढला तशी आई चुलीपुढनं उठून दारात आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं, आबांनी सांगितलं, लाल दिसत न्हाई म्हणतोय, हितं घरातसुद्धा खोटं बोलतोय. आई माझ्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आवं, पण त्याला टोमॅटो तोडायला धाडलं की हा कच्चंच घेऊन येतो. ल्हानपनापासनं. मला वाटायचं, येंधळा हाय."

आबा ट्रंकेपाशी गेले. ट्रंक उघडली. कागदांखालून ते ठिपक्यांचं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर धरलं. पहिल्यापासनं नाही. मागनं, कुठलंतरी पान. "वाच."

मी ठिपके बघत राहिलो. "येत न्हाई."

दुसरं पान. "येत न्हाई." तिसरं. तिसऱ्याला माझा आवाज फुटला. "मी पाठ केलं होतं आबा. त्या दिवशी तुमच्यापुढं म्हणलेलं सगळं पाठ होतं. मला हे रंग दिसतच न्हाईत. कवाच दिसले न्हाईत."

"चोवीसच्या चोवीस?"

"व्हय."

"आन डाक्टरनं मधनं उघडलं."

"व्हय."

"मग मला का न्हाई बोललास?"

"तुमी बोलत कुठं होता?"

आबा बाहेर गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही. आई पदर तोंडाला लावून दारातच उभी. मला वाटलं, आता पट्टा घेऊन येतात. आले ते तोंड पुसत, आणि खिशातनं मोबाईल काढून त्यांनी दुकानातल्या बाईंना फोन लावला. स्पीकरवर. "ताई, मागच्या हप्त्यात मॉनिटर नेला, तो. न्हाई, मॉनिटर चांगला हाय. माझ्या पोराला लाल आन हिरवा येगळा दिसत न्हाई. जन्मापासनं. त्याला खेळायला काय सोय असती का?"

जे मी सातारा सोडल्यापासनं त्या दुपारपर्यंत कुणापुढं उच्चारलं नव्हतं ते आबांनी एका दुकानदार बाईला, शेताच्या पाण्याची पाळी विचारावी तसं विचारलं. मला रडू आलं. तोंड फिरवायलाही सुचलं नाही.

बाई म्हणाल्या, "अहो असतात की असे कितीतरी जण. गेमच्याच सेटिंगमध्ये सोय असते. तीन-चार प्रकार असतील, एकेक लावून बघा." आबांनी माऊस हातात घेतला. एका वेळी एकच. टिचकी. "आता?" "न्हाई." टिचकी. "आता?" "थोडं... न्हाई." त्यांना घाई नव्हती. जगात दुसरं काही कामच नसल्यासारखे ते मागं सरून बघायचे, पुन्हा पुढं यायचे. टिचकी. "आता?"

गवतात पिवळ्या रेघेची माणसं उभी राहिली. एकदम. जणू कुणीतरी त्यांना आत्ताच आणून सोडलं होतं.

"दिसला!"

"किती?"

"तीन. न्हाई, थांबा. चार! त्यो झाडामागं एक हाय."

आबा काचेवर वाकले. डोळे बारीक केले. "हाय की रं! हा मला दिसलाच नव्हता." आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी टेबलावर आदळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर दूध घालायला गेलो तर तिथं पेन्शनर मंडळी बसलेली आणि मध्ये आबा उभे. माझ्याकडं पाठ होती. वर्षभर त्यांनी ह्याच माणसांना सांगितलं होतं, की पोरगं भ्यालं. आता म्हणत होते, "त्याचा दोष न्हाई. त्याला रंगच दिसत न्हाईत. मी वरीसभर पोराला खोटा ठरवला. खोटा मी." मी कॅन तिथंच ठेवून मागच्या मागं फिरलो, दूध घालायचं राहिलंच, आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

आता मी कुपवाडलाच खोली घेऊन राहतो. चौकडी पांगली, कुणाची लग्नं झाली, रविवार रिकामा जातो. पण मॉनिटर तोच आहे, कोपऱ्यातल्या ओरखड्यासकट. गावाकडनं तो आणताना मी पहिल्यांदा त्याची पाठ बघितली. घरी तो कायम भिंतीला टेकून होता. मागं चिकटपट्टी होती आणि तीवर आबांचं ठसठशीत अक्षर. रायफल झिरो झाली की तिचा आकडा असा लिहून चिकटवायची त्यांची सवय होती.

"ब्राइटनेस ४५. काँट्रास्ट ७०. शत्रू पिवळा. ह्याच्यावर माझ्या पोराला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. हात लावू नये."

मी तिथंच खाली बसून त्यांना फोन लावला. म्हणालो, "आबा, मागची पट्टी वाचली."

"मग? हात लावलास का कशाला?"

"न्हाई."

"लावू नको," आबा म्हणाले, आणि जेवलास का विचारलं.